काउंटरपलीकडची ती

परवा भाचीच्या लग्नाच्या बस्त्याला गेलो होतो. तीसेक साड्या उलगडून झाल्या, तरी जाऊबाईंचं आपलं, "अजून नवीन दाखव गं." काउंटरपलीकडची मुलगी हसतच वळली. सकाळपासून उभीच होती बिचारी.

तिच्याकडे बघताना मला एक न पाहिलेला सिनेमा आठवला. न पाहिलेला, कारण तो आता कुणालाच पाहता येत नाही. 'द गर्ल फ्रॉम वुलवर्थ्स', १९२९ सालचा अमेरिकन बोलपट. दिग्दर्शक विल्यम बोडिन, नायिका अ‍ॅलिस व्हाइट.

वुलवर्थ म्हणजे पाच-दहा सेंटला वस्तू विकणारी दुकानं, गावोगावी पसरलेली. सिनेमाची नायिका तिथल्या संगीत विभागात काम करणारी, गाणारी मुलगी आणि नायक भुयारी रेल्वेतला साधा नोकर. राजकन्या नाही की जमीनदारीणबाई नाही. तिकिटाला पैसे साठवणाऱ्या कितीतरी पोरींना ती आपल्यातलीच वाटली असेल, नाही का?

मग हा सिनेमा गेला कुठे? तेव्हाच्या नायट्रेटच्या फिती चटकन पेट घेत, नाहीतर डब्यातच कुजत. त्यातून या सिनेमाचा आवाज फितीवर नव्हताच, वेगळ्या तबकड्यांवर होता. फीत एकीकडे, तबकडी दुसरीकडे. जुना माल जपून ठेवायची कुणाला गरज वाटली नाही. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) तरी कुठे उरलाय!

सिनेमा हरवला, पण मुली हरवल्या नाहीत. १९३७ च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटच्या वुलवर्थमधल्या शंभराहून जास्त विक्रेत्या मुलींनी संप केला. घरी गेल्या नाहीत. दुकानातच ठाण मांडलं, रात्री तिथेच गाद्या टाकून झोपल्या. दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोरी चक्क खाली बसल्या! आठवडाभरात मालकांना नमावं लागलं. तासाला पाच सेंट पगारवाढ मिळाली. पडद्यावरच्या मुलीला गाणं आणि प्रेम मिळालं असेल, पण या पोरींनी आपला हक्क स्वतः मिळवला.

निघताना मी त्या मुलीला विचारलं, "बसायला स्टूल नाही का गं?"

"आहे की काकू. पण गिऱ्हाईक असताना बसायचं नसतं."

मैत्रिणींनो, ते गिऱ्हाईक म्हणजे आपणच. पुढच्या वेळी साडी बघताना एवढंच म्हणूया, "तू आधी बस गं, मग दाखव."