किशोरवयातील गांजासेवन आणि मनोविकार
मेंदूची वाढ साधारणतः पंचविशीपर्यंत चालू असते. या काळातील गांजासेवन त्या वाढीस बाधक ठरू शकते. स्वीडनमधील सुमारे ४५,००० सैन्यभरती तरुणांच्या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस सेवन केलेल्यांत छिन्नमनस्कतेचे प्रमाण सहापट आढळले. सेवन करणाऱ्या प्रत्येकास हा आजार होत नाही. परंतु लहान वयात सुरुवात, वारंवार सेवन व कुटुंबातील मनोविकाराचा पूर्वेतिहास यांमुळे धोका वाढतो.

भास, अकारण संशय, एकलकोंडेपणा किंवा निद्रानाश आढळल्यास मुलास दोष न देता वैद्यकीय सल्ला घ्यावा. अग्रहार परिसरातील कुटुंबांनी म्हैसूरच्या कृष्णराजेंद्र रुग्णालयातील मनोविकार विभागात जावे, अथवा टेली-मानस १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर कोणत्याही वेळी संपर्क साधावा. लवकर उपचार सुरू झाल्यास सुधारणेची शक्यता अधिक असते.