जुन्या वेगनौकेची पारख

इंग्लंडच्या पूल बंदरात किंवा फ्रान्सच्या आंतीब येथे विक्रीस लागलेल्या वेगवान मोटरयॉटी, वय काहीही असो, सारख्याच झळाळत असतात. आणि तरीही त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सर्वेक्षक ती झळाळी सोडून नौकेचे बूड गाठतो व ते हातोडीने ठिकठिकाणी ठोकून पाहतो. मडके वाजवून घ्यावे त्यातलाच हा प्रकार : नाद खणखणीत तर थर एकजीव, बद्द तर आत फारकत. काचतंतूंच्या बुडावरील लेपातून पाणी कणाकणाने झिरपते, राळेतील विद्राव्य द्रव्यांशी मिळून त्याचे दाट द्रावण बनते, आणि ते बाहेरचे आणखी पाणी ओढू लागले की दाब वाढून फोड उठतात. असा फोड फोडला असता पुष्कळदा आंबूस दर्प येतो.

यंत्राच्या तासमापकाचा आकडा हा मात्र एकतर्फी दाखलाच समजावा, कारण वर्षानुवर्षे धक्क्याला बांधलेले यंत्र न चालताही गंजते. म्हणून तेलाचा नमुना प्रयोगशाळेत धाडतात : लोह वाढले तर झिजेचा संशय, सोडियम वाढले तर खाऱ्या पाण्याच्या शिरकावाचा. अखेरीस नौका समुद्रात पूर्ण वेगाने हाकतात. बूड उचलून पाण्यावरून धावण्यास प्रचंड शक्ती लागते. तेव्हा यंत्र ठरलेल्या फेऱ्या गाठीनासे झाले, तर बुडाला शेवाळ-शिंपले चिकटले असतील, पंखा विजोड असेल किंवा यंत्रच थकले असेल. शेवाळ खरवडून निघते. थकलेल्या यंत्रापायी मात्र विक्रेत्यास मोठी सूट मंजूर करावी लागते.