कल्याण जंक्शनवरचा एक दिवस

रेल्वेगाड्या निरखणे हा जगभर जोपासला जाणारा छंद आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहायच्या, इंजिनांचे क्रमांक टिपायचे, डब्यांचे प्रकार ओळखायचे आणि कोणती गाडी किती वाजता गेली याची नोंद ठेवायची, असे त्याचे साधे स्वरूप. ब्रिटनमध्ये सदर्न रेल्वेच्या कार्यालयात काम करणाऱ्या इयान ॲलन या तरुणाने १९४२ मध्ये इंजिनांच्या क्रमांकांची एक छोटी पुस्तिका काढली आणि तेथे हा छंद शाळकरी मुलांपर्यंत पोहोचला. भारतातल्या छांदिष्टांना ‘रेलफॅन’ म्हणतात. ‘इंडियन रेल्वेज फॅन क्लब’ हे त्यांचे सर्वांत जुने व्यासपीठ अमेरिकेत शिकणाऱ्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी १९८९ मध्ये सुरू केले.

या छंदासाठी जंक्शनसारखी जागा नाही, आणि महाराष्ट्रात त्याचा उत्तम नमुना म्हणजे कल्याण. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणला पोहोचला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ५४ किलोमीटरवर असलेल्या या स्थानकात मुख्य मार्गाला दोन फाटे फुटतात. एक कसारा घाट चढून इगतपुरी, नाशिक, भुसावळमार्गे उत्तरेकडे व पूर्वेकडे जातो. दुसरा कर्जतहून बोरघाट चढून पुणे, सोलापूर आणि दक्षिणेकडे जातो. बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये आणि कसारा घाटातला, म्हणजे जुन्या कागदपत्रांतल्या थळ घाटातला, १८६५ मध्ये खुला झाला. तेव्हापासून मुंबईहून घाटावर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कल्याण ओलांडावे लागते. कोकणाच्या गाड्या मात्र अलीकडे दिव्यालाच वळतात.

दिवसाची सुरुवात लोकलने होते. कसारा, आसनगाव, टिटवाळा एका बाजूने आणि खोपोली, कर्जत, बदलापूर, अंबरनाथ दुसऱ्या बाजूने अशा लोकल कल्याणला एकत्र येतात. खुद्द कल्याणहून सुटणाऱ्या गाड्यांची त्यात भर पडते. धीम्या आणि जलद लोकलचे रूळ वेगळे असतात. बहुतेक लोकल बारा डब्यांच्या असतात. पंधरा डब्यांची लोकल मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये कल्याण ते मुंबई मार्गावरच प्रथम धावली. गाड्या इतक्या पाठोपाठ कशा धावतात, हे सिग्नलकडे पाहिले की कळते. लोकल पुढे जाताच तिच्या मागचा सिग्नल लाल होतो. ती पुढच्या टप्प्यात सरकली की तोच सिग्नल एक पिवळा, मग दोन पिवळे आणि शेवटी हिरवा दाखवतो. स्वयंचलित सिग्नल यंत्रणेचे हे काम फलाटाच्या टोकाला काही मिनिटे थांबले तरी डोळ्यांसमोर उलगडते. मार्ग फुटतो तेथे सिग्नलवर पांढऱ्या दिव्यांची तिरपी ओळ लागते. सांधे कोणत्या मार्गासाठी जुळले आहेत, हे त्या ओळीच्या दिशेवरून मोटरमनला कळते.

सकाळचा दुसरा भाग एक्सप्रेस गाड्यांचा. पुण्याहून सिंहगड, प्रगती आणि डेक्कन क्वीन, तर मनमाड-नाशिककडून पंचवटी एक्सप्रेस मुंबईकडे येते. रोज कामावर जाणाऱ्या प्रवाशांच्या या हक्काच्या गाड्या. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन कल्याणला थांबत नाही. तिच्या डब्यांच्या रांगेतली उपाहारगृहाची डायनिंग कार टिपण्यासाठी रेलफॅन कॅमेरा सज्ज ठेवून उभे असतात. गाडीच्या क्रमांकावरूनही बरेच समजते. डिसेंबर २०१० पासून गाड्यांचे क्रमांक पाच आकडी झाले. पहिला आकडा १ किंवा २ असला की गाडी लांब पल्ल्याची, ० असला की विशेष, ९ असला की मुंबईची उपनगरी. मध्य रेल्वेवर मुंबईकडे येणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईहून निघालेली ‘डाऊन’. डेक्कन क्वीन मुंबईहून जाताना १२१२३ असते आणि येताना १२१२४.

दुपारी लोकलची गर्दी ओसरते आणि इंजिने निवांत पाहता येतात. इंजिनावर लिहिलेल्या अक्षरांतच त्याची ओळख असते. डब्ल्यूएपी-७ मधले पहिले अक्षर १६७६ मिलिमीटर रुंदीच्या ब्रॉडगेजचे, ‘ए’ हे एसी विजेचे आणि ‘पी’ प्रवासी गाडीचे. ‘पी’च्या जागी ‘जी’ असले की इंजिन मालगाडीचे आणि ‘ए’च्या जागी ‘डी’ असले की डिझेलचे. शेवटचा आकडा श्रेणी सांगतो. शेजारी पाच आकडी क्रमांक आणि ज्या शेडमध्ये इंजिनाची देखभाल होते तिचे नाव असते: कल्याण, भुसावळ, अजनी किंवा दूरचे एखादे गाव. डब्याच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे बांधणीचे वर्ष दाखवतात. १८ने सुरू होणारा डबा २०१८ चा. मालगाड्यांत कोळशासाठी वरून उघडे असलेले बॉक्सएन वाघिणींचे रेक, बंदिस्त बीसीएन, तेलाच्या टाक्या आणि कंटेनर वाहणाऱ्या सपाट वाघिणी ओळखता येतात. कोणतीही गाडी गेली की शेवटच्या डब्याकडे नजर टाकावी. तेथे मोठी फुली आणि ‘एलव्ही’ची पाटी असते. ती दिसली की गाडी मधेच तुटलेली नाही, पूर्ण निघून गेली आहे, अशी स्थानकातल्या कर्मचाऱ्यांची खात्री पटते.

कल्याणच्या वाहतुकीवर घाटांची छाप आहे. दोन्ही घाटांत १:३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर मार्ग एक मीटर उंच होतो. त्यामुळे कर्जत आणि कसारा येथे गाडीला मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने लावतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. विजेचा इतिहासही घाटांशीच जोडलेला आहे. पुण्यापर्यंत १९२९ मध्ये आणि इगतपुरीपर्यंत १९३० मध्ये १,५०० व्होल्टची डीसी वीज आली; तिच्यासाठी कल्याणजवळ ठाकुर्लीला चोळा वीजकेंद्र उभारले होते. पुढे देशभर २५,००० व्होल्टची एसी वीज रूढ झाली, तेव्हा इगतपुरीला इंजिन बदलावे लागे. दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-३ सारखी इंजिने कल्याणच्या शेडमध्ये आली आणि तो खोळंबा संपू लागला. मुंबईची मुख्य मार्गावरची डीसी वीज २०१५ मध्ये इतिहासजमा झाली. आजची डब्ल्यूएपी-७ सारखी इंजिने घाट उतरताना ब्रेकच्या वेळी तयार होणारी वीज वरच्या तारेत परत सोडतात.

संध्याकाळी ओघ उलटा होतो. सकाळी आलेल्या पुण्या-नाशिकच्या गाड्या परततात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मुंबई-दिल्ली राजधानीच्या दोन्ही टोकांना इंजिने असतात, म्हणून तिला कसाऱ्याला बँकरसाठी थांबावे लागत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत गाड्यांच्या डब्यांखालीच मोटारी बसवलेल्या असल्याने त्याही बँकरशिवाय घाट चढतात. दिवस मावळल्यावर १९१२ पासून धावणारी पंजाब मेल उत्तरेकडे रवाना होते आणि तिच्यामागून रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांची रांग लागते.

या छंदाला खर्च फारसा नाही. शिस्त मात्र हवी. फलाट तिकीट साधारणपणे दहा रुपयांचे आणि दोन तासांपुरते असते, म्हणून जास्त वेळ थांबायचे तर नवे तिकीट काढावे. रूळ ओलांडणे किंवा रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा असून, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फलाटाच्या पिवळ्या पट्टीच्या आत राहावे, मोटरमनच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नये आणि कर्मचाऱ्यांनी हटकले तर ऐकावे. विजेच्या तारांखाली सेल्फी-स्टिक उंचावणे तर जिवावरच बेतते. एवढे पाळून मुलांना एखाद्या सुटीच्या दिवशी कल्याण, मनमाड, दौंड किंवा भुसावळला न्यावे. भूगोल, वीज, यंत्रे आणि वेळापत्रक हे सारे तेथे एकाच फलाटावर प्रत्यक्ष शिकायला मिळते.