पाणवठ्यावरून पुलावर

आमच्या लांज्याकडच्या वाड्यांत गौर आणायची ती पाणवठ्यावरून. तेरड्याची रोपं मुळासकट उपटायची, पऱ्याच्या वाहत्या पाण्यात धुवायची, तिथंच हळदकुंकू वाहायचं आणि मग माहेरवाशिणीला घरात घ्यायचं. त्या दिवशी मुंबईहून आलेले चाकरमानीही अनवाणी पाण्यात उतरतात. त्यांच्यातले काही कुर्ला-कलिन्याकडं राहतात आणि तिथंही त्यांच्या घरापासून नदी लांब नाही. "तुमच्या तिकडं नदी कुठली?" असं मी एकाला विचारलं, तर तो गोंधळला. "तिकडं कसली नदी? नाला आहे."

नाला म्हणतात ती मिठी. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन जेमतेम अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत विमानतळाच्या धावपट्टीखालून तिला वाकून जावं लागतं. वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं तेव्हा तिच्या मुखाजवळची खाजणं भरावाखाली गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुर्ला-कलिना बुडालं आणि आपण ज्याला नाला म्हणत होतो ती नदी आहे, हे असंख्य मुंबईकरांना त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. ऑगस्टमध्ये मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरणही आलं. पण बोलीतला 'नाला' काही गेला नाही.

मला हा शब्दच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नदीचा नाला आधी बोलण्यात होतो. नाल्यात टाकलेल्या कचऱ्याचा हिशोब कोण मागणार? मोजमापाची भाषा वेगळी असते. अंघोळीच्या पाण्यात जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असावी, असा आपल्याकडचा निकष आहे. पाण्यातली घाण कुजताना जिवाणू प्राणवायू खातात. तो जितका जास्त खाल्ला जाईल, तितका माशांच्या वाट्याला कमी उरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यातले ५३ महाराष्ट्रातले होते, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. मिठी आणि पुण्याची मुठा सर्वांत वाईट वर्गात, म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर. यादीत आमच्या जिल्ह्यातली वाशिष्ठीही होती. पण पुलावरून जाणारा माणूस आकडा वाचत नाही. त्याचं मोजमाप नाकाशी सुरू होतं आणि गाडीची काच वर झाली की संपतं.

काच वर करणारा हाच माणूस पुलावर थांबून निर्माल्याची पिशवी मात्र नदीतच सोडतो. याला ढोंग म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. केली अ‍ॅली या मानवशास्त्रज्ञ बाईंनी बनारसच्या घाटांवर राहून गंगेवर अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २००२ मध्ये आलं. घाटावरच्या पंड्यांच्या लेखी पावित्र्य आणि स्वच्छता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असं त्यांना दिसलं. गंगा मळेल, पण अपवित्र होणार नाही. जी सगळ्यांचं पाप धुते, तिला आपली पिशवी कितीशी जड होणार? कोकणात या श्रद्धेला पावसाचीही साथ आहे. पहिला हौर आला की सगळं वाहून जातं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वाहून जातं ते खालच्या गावाला जातं, हे कुणी सांगितलं नाही.

खालच्या गावाला काय कळतं, ते चिपळूणजवळ दिसतं. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वाहिनीतून करंबवण्याच्या खाडीत सोडतात, म्हणजे चिपळूण शहराच्या खाली. दाभोळ खाडीकाठचे मच्छीमार वर्षानुवर्षं मेलेली मासळी दाखवत तक्रारी करत आले आहेत. शहराच्या बाजारपेठेला वाशिष्ठी दिसली ती २२ जुलै २०२१ ला, महापुरात. डिसेंबरमध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं आणि वाशिष्ठी-शिव नद्यांतला गाळ काढायला लावला. ते आंदोलन लोकांचं होतं, गरजेचं होतं आणि ते यशस्वी झालं याचा मला आनंद आहे. तरी एक खंत राहते. मागणी गाळाची होती, पाण्याची नव्हती. शहर नदीकडं बघतं ते ती घरात शिरू नये म्हणून, आणि भोई बघतो तो रोज कमरेइतक्या पाण्यात उभा राहून.

अमिता बाविस्कर यांनी दिल्लीच्या यमुनेवर २०११ मध्ये लिहिलेल्या निबंधातही हेच अंतर सापडतं. शहराने कित्येक वर्षं पाठ फिरवलेली ती नदी पुन्हा नजरेत आली, तेव्हा लोकांना पाणी नव्हे, काठावरची मोकळी जमीन दिसली. पुण्यात 'जीवितनदी' या संस्थेची माणसं उलट बाजूने सुरुवात करतात. विठ्ठलवाडीसारखा मुठेचा एक तुकडा धरायचा आणि कुटुंबांना, पोरांना घेऊन पुन्हा काठावर जायचं. आधी ओळख, मग दुरुस्ती. मला हा क्रम बरोबर वाटतो.

लांजा शहराच्या एका अंगाला काजळी आहे, दुसऱ्या अंगाला मुचकुंदी. एक साखरप्यावरून येऊन भाट्याच्या खाडीला मिळते, दुसरी माचाळच्या डोंगरातून पूर्णगडला. आता इथे नगरपंचायत आहे, महामार्ग रुंद झाला, इमारती चढल्या. इमारतीबरोबर शोषखड्डा येतो आणि आमचा जांभा तर सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारा नव्हे. पावसाळ्यात धो धो वाहणाऱ्या या नद्या एप्रिल-मेमध्ये कोंडीकोंडींपुरत्या, म्हणजे डोहांपुरत्या उरतात. जे सांडपाणी श्रावणात कुणाला जाणवत नाही, तेच वैशाखात कोंडीतल्या माशाच्या जिवावर येतं. महाडजवळ वाळणकोंडीत देवाचे म्हणून राखलेले मासे आजही आहेत. तिथल्या पाण्याला नाला म्हणायची कुणाची जीभ धजेल?

आत्याने मला आमच्या पऱ्यावरच्या अकरा कोंडींची नावं सांगितली. एकीत म्हशी बसायच्या, एकीत कपडे धुवायचे, एकीत बाळंतिणीचं काही धुवायचं नाही. ही नावं रोज खेपा घालणाऱ्या बायकांनी जपली होती. घरात नळ आला आणि खेपा थांबल्या. डोक्यावरचा हंडा उतरला याचं मला मनापासून समाधान आहे. जन्मभर हंडा वाहिलेल्या आत्यासमोर जुन्या दिवसांचे गोडवे गायची माझी छाती नाही. पण अकरांतली दोनच नावं तिच्या नातवाला ठाऊक होती.

यंदा वाडीतल्या तीन घरांनी गौर नळाखाली धुतली. पऱ्याकडं उतरायची वाट घाणेरीने आणि रानमोडीने बुजली होती, साप असेल म्हणून पोरींना कुणी पाठवलं नाही. गौरी-गणपती पोचवल्यावर चाकरमान्यांची गाडी सुटायला एक दिवस होता. आम्ही चौघं कोयते घेऊन खाली उतरलो. कपडे धुवायच्या कोंडीवरचा दगड सापडायला दुपार झाली.