काठावरून गळ

मासे धरण्याच्या विद्येंत दोन पंथ फार जुने आहेत. एक जाळ्याचा आणि दुसरा गळाचा. जाळें टाकणाऱ्यास मासा कोठें आहे एवढें कळलें म्हणजे पुरतें. गळ टाकणाऱ्यास मासा काय करीत आहे, कां करीत आहे आणि पुढच्या घटकेस काय करील, हेंही ताडावें लागतें. शिवाय मासा एकदां गळाला लागला कीं, त्याच्यामध्यें आणि माणसामध्यें उरते ती फक्त एक दोरी. ती तुटली तर माणसाचें एक वेळचें जेवण जातें आणि माशाच्या जबड्यांत लोखंडाचा कांटा राहतो. नुकसान दोघांचेंही होतें, पण माशाचें अधिक. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बास नांवाचा गोड्या पाण्यांतील मासा गळानें धरणें हा लक्षावधि लोकांचा छंद आहे. आणि तेथें काठी कोणती घ्यावी यापेक्षां दोरी कोणती घ्यावी यावरच वाद अधिक रंगतात, तो याच कारणानें.

या माशाची कीर्ति दूरवर गेली ती २ जून १९३२ रोजीं घडलेल्या एका गोष्टीमुळें. जॉर्जिया संस्थानांतील जॉर्ज पेरी नांवाच्या तरुण शेतकऱ्यानें ऑकमल्गी नदीच्या सोडलेल्या पात्रांत राहिलेल्या माँटगोमेरी तळ्यांतून २२ पौंड ४ औंस वजनाचा, म्हणजे दहा किलोंहून किंचित् अधिक भरणारा बास ओढून काढला. तो काळ मंदीचा होता. पेरी आणि त्याचा सोबती घरीं बनविलेल्या होडींतून निघाले होते, आणि दोघांत मिळून खोटें आमिष एकच होतें असें सांगतात. मासा तोलला गेला, एका मासिकाच्या स्पर्धेंत पेरीला ७५ डॉलरांचा माल बक्षीस मिळाला, आणि मासा घरच्यांच्या पोटांत गेला. ज्याला हा सगळा नुसता खेळ वाटतो त्यानें हें शेवटचें वाक्य ध्यानांत ठेवावें. त्या दिवशीं दोरी तुटली असती, तर इतिहासाचें कांहीं बिघडलें नसतें. पेरीच्या घरच्या ताटांत मात्र मासा पडला नसता.

बास या नांवानें थोडा घोटाळा होतो. समुद्रांत बास म्हणून जे मासे आहेत त्यांचा व याचा निकट संबंध नाहीं. हा उत्तर अमेरिकेंतील ‘सनफिश’ कुळांतला. त्याच्या मोठ्या तोंडाच्या जातीचा जबडा इतका रुंद असतो कीं, मिटलेल्या तोंडाचा कोपरा डोळ्याच्याही मागें जातो. हा मासा धांवून शिकार करणारा नव्हे, दबा धरणारा आहे. बुडालेला ओंडका, पाणवनस्पतींची कड, धक्क्याची सावली, झुकलेल्या झाडाचें मूळ, अशा ठिकाणीं तो स्तब्ध राहतो. भक्ष्य टप्प्यांत आलें कीं, एका झेपेंत जाऊन तो तोंड एकदम उघडतो. त्यासरशी पाणी आंत ओढलें जातें आणि पाण्याबरोबर भक्ष्यही जातें. गळाला हिसका बसण्यापूर्वींच आमिष पुष्कळदां त्याच्या तोंडांत गेलेलें असतें, तें यामुळें. डोळे तीक्ष्ण आहेतच. पण अंगाच्या दोन्ही बाजूंस संवेदनशील छिद्रांची जी रेघ असते तिच्या योगानें पाण्यांतली बारीक थरथरही त्यास कळते. म्हणून गढूळ पाण्यांतही तो उपाशी राहत नाहीं.

काठावरच्या माणसास या माशाचा एक गुण मोठा उपकारक आहे. वसंत ऋतूंत पाणी पंधरा ते वीस अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें म्हणजे नर उथळ पाण्यांत येतो आणि शेपटीनें तळ झाडून ताटाएवढी गोल जागा करतो. मादी तेथें अंडीं घालून निघून जाते. राखणीला राहतो तो नर. अंडीं फुटून पिलें पोहूं लागेपर्यंत आणि त्यानंतरही कांहीं दिवस तो जागा सोडीत नाहीं. या काळांत तो भुकेनें नव्हे तर रागानें गळावर तुटून पडतो, आणि त्यामुळें अगदीं नवशिक्याच्याही हातीं लागतो. परंतु नर उचलला गेला कीं, बाजूला टपून बसलेले लहान मासे घटकाभरांत अंडीं फस्त करतात. म्हणून कित्येक ठिकाणीं या हंगामांत गळ टाकण्यावर निर्बंध असतात. जेथें ते नाहींत तेथें जाणते लोक घरट्यावर बसलेल्या माशास सोडून पुढें जातात, किंवा धरला तरी तेथल्या तेथें तत्काळ पाण्यांत सोडतात.

आतां साहित्याकडे वळूं. काठीविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. पूर्वीं चीनमधील टोंकिन बांबूच्या चिरफळ्या चिकटवून उत्तम काठ्या करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूंच्या आल्या आणि १९७० नंतर कार्बनतंतूंच्या. काठावरून वापरण्यास साडेसहा-सात फुटांची, टोंकाला थोडी लवचिक आणि बुडाशीं भक्कम अशी एक काठी असली म्हणजे झालें. रिळांचे मुख्य प्रकार दोन. पहिलें रीळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं केंटकी संस्थानांतील घड्याळजींच्या हातून घडलें. त्यांत दोरी सुटतांना रीळच गरगर फिरतें आणि अंगठ्यानें त्यास आवरावें लागतें. अंगठा चुकला कीं, दोरीचा असा कांहीं गुंता होतो कीं, अमेरिकन लोक त्यास पक्ष्याचें घरटें म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या रिळाचें पेटंट इंग्लंडमधील कापड गिरणीच्या धंद्यांतले आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनीं १९०५ मध्यें घेतलें. त्यांत रीळ स्थिर राहतें आणि दोरी त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनीं सुटते, जशी गिरणींत बॉबिनवरून सुताची सुटते. हलकें आमिष दूर फेंकावयाचें असेल आणि शिकणारा नवा असेल, तर हेंच रीळ बरें.

दोरीची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. प्रथम घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरी करीत. मग रेशमाची आली. रेशमी दोरी बळकट खरी, पण ओली ठेवली तर कुजे. म्हणून रोज सायंकाळीं ती उलगडून वाळत घालावी लागे. तिच्या टोंकाला पाण्यांत न दिसणारी तांत जोडीत. कोश करावयाच्या बेतास आलेला रेशमाचा किडा शिरक्यांत भिजवून त्याच्या पोटांतील रेशमाची पिशवी ओढून लांबवीत, आणि तिची तांत होई. स्पेनमधील मुर्सिया प्रांत या धंद्यासाठीं प्रसिद्ध होता. एका किड्यापासून निघणारी तांत हातभरही क्वचितच भरे, तेव्हां गांठी मारीत मारीत तिची लांबी वाढवावी लागे. आणि वापरण्यापूर्वीं ती भिजविली नाहीं तर कांडीसारखी मोडे.

या सगळ्या खटाटोपाचा निकाल नायलॉननें लावला. ड्यू पाँट कंपनीचे रसायनज्ञ वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेंत तें १९३५ मध्यें तयार झालें आणि १९३८ मध्यें जगापुढें आलें. त्याचा पहिला उपयोग झाला तो दांत घासण्याच्या ब्रशाच्या केसांसाठीं. गळाची दोरी व्हावयासही त्यास वेळ लागला नाहीं. एकेरी नायलॉनची दोरी स्वस्त, कुजत नाहीं, गांठ चांगली धरते, आणि ओढ बसली कीं बरीच ताणते. हा ताण गुणही आहे व दोषही आहे. काठाजवळ माशानें अकस्मात् उसळी घेतली तर ताणणारी दोरी तो धक्का गिळते आणि नवशिक्याची चूक झांकते. उलट शंभर फुटांवर माशानें आमिषाला नुसतें तोंड लावलें, तर त्याची वर्दी हातापर्यंत पोंचत नाहीं. शिवाय नायलॉन पाणी पितें व थोडें अशक्त होतें. उन्हानें तर तें हळूहळू मरतेंच. म्हणून ही दोरी दर हंगामास बदलावी. तिची किंमत फारशी नाहीं.

दुसरी दोरी फ्ल्युओरोकार्बनची. ती १९७१ मध्यें जपानमधील कुरेहा कंपनीनें बाजारांत आणली. पाण्यांत वस्तु दिसते ती तिच्यांतून जातांना प्रकाश वळतो म्हणून. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, फ्ल्युओरोकार्बनचा सुमारें १.४२ आणि नायलॉनचा सुमारें १.५३. अर्थात् हे आंकडे जितके जवळ तितकी दोरी पाण्यांत लपते. अदृश्य दोरी म्हणून जाहिरात होते ती खरी मानूं नये. कमी दिसणारी एवढेंच खरें. ती पाण्याहून बरीच जड असल्यामुळें बुडते, आणि दगडांवर घासली तरी लौकर कातरत नाहीं. निवळ पाण्यांत व तळाशीं आमिष ओढावयाचें असेल तेथें ती उत्तम. पाण्याच्या पृष्ठावर नाचणाऱ्या आमिषास मात्र ती खालीं खेंचते.

तिसरी वेणीसारखी विणलेली. अत्यंत बळकट पॉलिएथिलीनच्या तंतूंची ही दोरी १९९० नंतर सर्वत्र झाली. दहा पौंड ओढ सोसणाऱ्या नायलॉनच्या जाडींत ती तीस पौंड सोसते, आणि जवळजवळ मुळींच ताणत नाहीं. कमळाच्या पानांत वा दाट शेवाळांत मासा शिरला असतां तीच कामास येते. ती देंठ कापीत कापीत बाहेर येते. पण ती पाण्यांत ठळक दिसते, दगडाच्या धारेवर फार टिकत नाहीं, आणि गुळगुळीत असल्यामुळें साधी गांठ तिच्यांत निसटते. म्हणून पुष्कळ लोक रिळावर वेणी भरतात आणि टोंकाला पांच-सहा फूट फ्ल्युओरोकार्बन जोडतात. जुन्या रेशमी दोरीला तांत जोडीत त्याचाच हा नवा अवतार.

ज्याला एकच दोरी परवडते त्यानें कोणती घ्यावी? दहा ते बारा पौंडांची नायलॉन घ्यावी आणि उरलेला पैसा चांगल्या कांट्यांवर खर्चावा. दोऱ्या तुटतात त्या बहुधा मध्यें नव्हे, गांठीपाशीं. दोरी दुहेरी करून कांट्याच्या नेढ्यांतून ओंवावी, सैल साधी गांठ द्यावी, पुढच्या फांसांतून कांटा काढावा आणि मग आवळावी. या पॅलोमर गांठीहून सोपी व भरंवशाची गांठ नवशिक्यास मिळणार नाहीं. आवळण्यापूर्वीं ती थुंकीनें ओली करावी, कारण कोरडी दोरी घर्षणानें तापते व तेथेंच कमकुवत होते. प्रत्येक माशानंतर शेवटचे दोन-तीन फूट नखावरून ओढून पाहावे. खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून टाकावा. कंजूषपणा करून तो ठेवणारा मोठा मासा घालवितो.

काठावर उभें राहण्याचीही रीत आहे. कोंकणांत खाडीकाठीं गरी टाकून बसणाऱ्या पोराला सावली पाण्यावर पडूं देऊं नये हें कोणी शिकवावें लागत नाहीं. त्यामागचें शास्त्र असें. माशास वरचें जग दिसतें तें डोक्यावरच्या सुमारें ९७ अंशांच्या शंकूंतून, आणि क्षितिजाजवळच्या वस्तु त्या खिडकीच्या कडेला चेपल्या जातात. सहा फुटांचा माणूस माशापासून तीस फुटांवर असेल तर तो पाण्याच्या पातळीपासून अकरा-बारा अंश एवढाच वर येतो. दहा फुटांवर असेल तर एकतीस अंश. तेव्हां जवळच्या पाण्यांत गळ टाकावयाचा असेल तर बसावें, वा काठापासून दोन पावलें मागें उभें राहावें. जमिनीवर आपटलेल्या पावलांचा हादराही पाण्यांत पोंचतो. बहुतेक लोक तळ्यावर येतांच थेट काठाशीं जातात आणि लांबच लांब, तळ्याच्या मध्यावर आमिष फेंकतात. म्हणजे ज्या पाण्यांत मासा होता त्याच पाण्यावरून चालून येऊन, जेथें तो नाहीं तेथें गळ टाकतात!

खरी जागा पायाजवळची. काठाला समांतर, वनस्पतींच्या कडेकडेनें आमिष ओढलें तर तें सर्व वाट माशाच्या टप्प्यांत राहतें. मध्याकडून काठाकडे ओढलें तर शेवटच्या चार-पांच फुटांतच. प्रथम डावीकडे समांतर, मग थोडें तिरपें, मग सरळ, मग उजवीकडे, असा पंख्यासारखा सारा टापू चाळावा आणि पुढें सरकावें. एकाच जागीं तपश्चर्या करण्यांत अर्थ नाहीं. वारा ज्या काठाकडे वाहतो तेथें उभें राहणें त्रासाचें असतें, परंतु बारीक जीव, त्यांच्यामागें लहान मासे आणि त्यांच्यामागें बास, असे सर्व तिकडेच लोटतात. उन्हाळ्यांत पहांट व तिन्हीसांज साधावी. दुपारीं सावली वा खोल पाणी पाहावें.

आमिषांचे प्रकार इतके आहेत कीं, त्यांत मासे कमी व माणसेंच अधिक अडकतात. काठावरच्या माणसास एक पुरे: मऊ प्लास्टिकचा गांडूळ. ओहायोंतील ॲक्रन गांवीं निक क्रीम यांनीं १९४९ मध्यें तो घरच्या चुलीवर ओतून तयार केला. कांट्याचें टोंक गांडुळाच्या अंगांत लपविलें आणि पुढें लहान वजन सोडलें म्हणजे तो शेवाळांतून न अडकतां सरकतो. ओढावा हळू, थांबत थांबत. आणि नजर दोरीवर ठेवावी. ती उगाच बाजूला सरूं लागली कीं, समजावें.

मासा हातीं आल्यावर हात ओला करून त्याचा खालचा ओंठ अंगठा व बोट यांत धरावा. दांत वाळूच्या कागदासारखे असतात, इजा होत नाहीं. मोठा मासा मात्र नुसत्या जबड्यावर लोंबकळत ठेवूं नये; दुसरा हात पोटाखालीं द्यावा.

कापलेली दोरी काठावर टाकून जाणें हा या छंदांतला सर्वांत मोठा अपराध होय. नायलॉन कुजत नाहीं हा जो त्याचा गुण म्हणून वर सांगितला, तोच येथें शाप होतो. पाणपक्ष्यांचे पाय त्यांत गुंतून ते उपाशी मरतात. शिशाच्या गोळ्या हंस खडे समजून गिळीत व विषबाधेनें मरत, म्हणून ब्रिटननें १९८७ मध्यें गळाच्या बहुतेक लहान शिशांची विक्री बंद केली, आणि त्यानंतर तेथील हंसांची संख्या वाढली. त्यांच्याऐवजीं टंग्स्टनचीं वा पोलादाचीं वजनें मिळतात. किंमत थोडी अधिक पडते. तुकडे खिशांत घालून घरीं आणावे आणि बारीक कापून केरांत टाकावे.

पेरीच्या विक्रमाशीं बरोबरी होण्यास सत्त्याहत्तर वर्षें लागलीं, आणि तीही अमेरिकेंत झाली नाहीं. २ जुलै २००९ रोजीं जपानच्या बिवा सरोवरांत मानाबू कुरिता यांनीं धरलेला बास २२ पौंड ४.९७ औंस भरला. वजन जवळजवळ एका औंसानें अधिक होतें, पण जुना विक्रम मोडण्यास निदान दोन औंसांचें अंतर लागतें असा नियम असल्यामुळें दोघेही सामाईक मानकरी ठरले. जपानांत हा मासा मूळचा नव्हे. १९२५ मध्यें तो तेथील आशी सरोवरांत सोडला गेला, पुढें पसरला, आणि देशी माशांवर तुटून पडला. अमेरिकेंत धरलेला बास परत सोडणें हें सभ्यपणाचें लक्षण. बिवाच्या काठीं २००३ पासून तें निषिद्ध आहे. तेथें काठावर पेट्या ठेवण्यांत आल्या, आणि गळाला लागलेला बास पाण्यांत न टाकतां त्यांत टाकावयाचा असतो.