सह्याद्रीत तंबू टाकण्यापूर्वी

दोह्याच्या शाळांना उन्हाळी सुटी लागायला महिनाभर उरला की आपल्या घराघरांतून तिकिटांची, सामानाच्या वजनाची आणि कोणाकडे किती दिवस राहायचे याची बोलणी सुरू होतात. अलीकडे त्यात आणखी एका विषयाची भर पडली आहे. मुले म्हणतात, "आजीकडे आठ दिवस झाले की आपण कॅम्पिंगला जाऊ या." मोबाईलवर धुक्यातले तंबू, मागे धबधबा आणि पुढे गरम भज्यांची बशी असे फोटो पाहिले की मोठ्यांनाही मोह आवरत नाही. इथल्या उन्हाने भाजून निघालेल्या माणसाला दुसरे काय हवे!

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मीही अशीच जागा ठरवली होती, दोह्यात बसून, फोटो पाहून. घाटमाथ्याजवळच्या एका गावाबाहेर, ओढ्याकाठच्या सपाट हिरवळीवर तंबू. चौघांचे दोन रात्रींचे सगळे पैसे आगाऊ भरले. पहिली संध्याकाळ फार छान गेली. रात्री पावसाने जोर धरला. अकराच्या सुमारास स्वयंपाक करणारे गावातले काका कंदील घेऊन आले आणि म्हणाले, "दादा, पोरं उचला अन् वर देवळात चला. सामान राहू द्या." त्यांच्या आवाजात असे काही होते की मी एकही प्रश्न विचारला नाही. सकाळी देवळाच्या पायरीवरून खाली पाहिले तर आमचा तंबू होता तिथे कमरेइतके तांबडे पाणी वाहत होते. कोणाला काही झाले नाही. मुलांच्या आजीला ही हकिगत अजून अर्धीच ठाऊक आहे. मंडळाचे वार्तापत्र तिच्याकडे जात नाही, म्हणून इथे लिहिण्याचे धाडस करतो. ज्याने पैसे घेतले त्याने पुढे फोन उचलला नाही.

दोष त्याचा होताच, पण माझाही होता. कतारमध्ये हिवाळ्यात सीलाइनला किंवा झिक्रीतला जाऊन मला वाळवंटाची सवय लागली होती. इथे आपण काय पाहतो? वारा अडेल असा सखल भाग, गाडी रुतणार नाही अशी कठीण जमीन, बस्स. पाण्याचा विचार करावाच लागत नाही. दोह्यात वर्षभरात सरासरी ७५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि देशातली सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून १०३ मीटर आहे. आता दुसरा आकडा पाहा. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. म्हणजे दोह्याचा सात-आठ वर्षांचा पाऊस एका दिवस-रात्रीत! आपली मुले या सपाट, कोरड्या देशात वाढली. उतार काय करतो आणि ओढा किती वेळात चढतो हे त्यांनी पाहिलेले नाही, आणि आपणही शहरात वाढलो असू तर आपली गत फारशी वेगळी नसते.

म्हणून जागा निवडताना मी आता देखावा शेवटी पाहतो. आधी विचारतो, पाणी कुठून येते आणि कुठे जाते? सह्याद्रीत सपाट हिरवळ ओढ्याकाठी का असते, तर पुरात ओढ्याने गाळ आणून टाकलेला असतो म्हणून. ती जागा मुळात पाण्याची आहे, आपण चार दिवसांचे पाहुणे. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर पाच-सहा किलोमीटरवर ढग रिकामा झाला की खाली लोंढा येतो. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. प्रवाहात उभे असताना पाणी वाढले आणि काठ गाठता आला नाही. धरणाखालच्या नदीकाठाचेही तसेच. धरण भरले की दरवाजे उघडतात, आणि त्याचा तुमच्या गावातल्या पावसाशी संबंध नसतो.

पाण्यानंतर डोंगर. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण दरडीखाली गेले, दीडशेच्या आसपास माणसे दगावली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. तारखा पाहा, सगळ्या जुलैच्या उत्तरार्धातल्या, म्हणजे नेमक्या आपल्या सुटीतल्या. ही गावे तर पिढ्यान् पिढ्या डोंगराशी राहणाऱ्या माणसांची होती. आपण दोन रात्रींसाठी जाणारे, आपल्याला त्या उताराचे काय कळणार? त्यात हल्ली तंबूंसाठी जेसीबी लावून उतार कापतात आणि पायऱ्यांसारख्या सपाट जागा करतात. फोटोत ते फार सुबक दिसते. पण मागची कापलेली माती पावसात भिजली की तिला धरून ठेवायला झाडाचे मूळ उरलेले नसते. मागे अशी उभी कापलेली दरड दिसली की मी ती जागा सोडतो, मग भाडे कितीही कमी असो. जमिनीत नवी भेग, एकाच बाजूला कललेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला किंवा पाऊस चालू असताना एकाएकी आटलेला ओढा, यांतले काहीही दिसले तर सामान न आवरता निघावे.

फोनवर हे विचारायचे कसे? मालक "काळजी करू नका साहेब" एवढेच म्हणतो. मी त्याला दिवसा, ओढा आणि मागचा डोंगर दिसेल असा व्हिडिओ पाठवायला सांगतो. दोन जणांनी पाठवला नाही, तिथे मी गेलो नाही. त्याखेरीज विचारतो, गावातली मंडळी पावसाळ्यात त्या जागेवर गुरे बांधतात का? नाही म्हणाला, तर ते का बांधत नाहीत?

आता दवाखाना. भंडारदऱ्याहून नाशिक सत्तरएक किलोमीटर आहे. पावसात, धुक्यात आणि घाटात ते अंतर दोन तासांचे की तीन तासांचे, सांगता येत नाही. तेव्हा जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, तिथे रात्री डॉक्टर असतात का आणि सर्पदंशावरची लस शिल्लक आहे का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. सौ. हे काम माझ्यापेक्षा चांगले करते. ती सरळ तिथल्या परिचारिकेशी बोलते आणि खरे उत्तर मिळवते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे, पण तंबूच्या जागी मोबाईलला रेंज आहे का हेही विचारून ठेवावे. नसेल तर मालकाची गाडी रात्री तिथे उभी असते का?

साप म्हटले की आपण नागाला घाबरतो, पण तंबूत निजणाऱ्याने मण्यारीची धास्ती जास्त घ्यावी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, तोवर बराच वेळ गेलेला असतो. म्हणून तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारा तंबू हवा, आणि जमत असेल तर खाट. मुलाने पहाटे "पोट दुखतंय, डोळे उघडत नाहीत" म्हटले तर अपचन समजून ओवा देत बसू नये. घोणस आणि फुरसे यांच्या दंशात सूज व रक्तस्राव होतो, ते लगेच कळते. कोणताही दंश असो, दोरी आवळू नये, ब्लेड लावू नये, चावलेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णालय गाठावे.

कोकणच्या बाजूला लाल विंचू असतो. त्याचा दंश लहान मुलांच्या हृदयावर जातो. एके काळी त्यात फार मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध या दंशावर उपयोगी पडते हे दाखवले आणि त्यांचे काम लॅन्सेटसारख्या नियतकालिकात छापून आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या दृष्टीने अर्थ एवढाच की उपचार आहे, पण वेळेत पोचले पाहिजे. बूट तंबूबाहेर ठेवले असतील तर सकाळी झटकून घालावेत. इथे वाळवंटातही मुलांना आपण तेच सांगतो.

एक गोष्ट मात्र खास आपल्यासारख्यांसाठी, आणि ती तिकडच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. पावसाळी जंगलातले काही ताप लगेच येत नाहीत. गुराढोरांच्या व उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टो होतो. तो बहुतेकांना पाच ते चौदा दिवसांनी, कधी महिनाभरानेही उठतो. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस दहाएक दिवसांनी येतो, आणि चावल्या जागी सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. म्हणजे ताप येईल तेव्हा आपण दोह्यात परतलेले असू! इथल्या डॉक्टरांना साधा फ्लू वाटणे स्वाभाविक आहे. तेव्हा त्यांनी न विचारता सांगावे की आम्ही अमुक तारखेला जंगलात होतो, चिखलात अनवाणी चाललो, तळ्यात उतरलो. दोन्ही आजारांवर औषधे आहेत, ती लवकर सुरू झाली पाहिजेत इतकेच. आणि डिसेंबरच्या सुटीत सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गाकडे जाणार असाल तर माकडतापाची चौकशी करावी. २०१६ मध्ये तिथे त्याची साथ आली होती. तो जंगलातल्या गोचिडींमुळे होतो. आसपास माकडे मेलेली आढळली असतील तर त्या रानात जाऊ नये. लांब पायजमा, मोज्यात खोचलेला, आणि संध्याकाळी मुलांचे अंग तपासणे, ही सवय मात्र सगळीकडे चांगली.

थंडीतल्या तंबूत शेगडी घेऊन झोपू नये, हे कतारमध्ये सगळ्यांना ठाऊक असते, तरी लिहितो. कोळशाच्या वायूला वास नसतो.

आता पैशांचे. माझा मूळ धंदा हिशेबाचा, त्यामुळे पैसे बुडाल्याची लाज जास्त वाटली. तेव्हापासून पाव रकमेपेक्षा जास्त आगाऊ देत नाही. उरलेले जागा डोळ्यांनी पाहिल्यावर. २०२३ पासून कतारच्या मोबाईल क्रमांकावरूनही एनआरई किंवा एनआरओ खात्याला यूपीआय जोडता येते, त्यामुळे "परदेशातून पैसे पाठवायचे तर एकदमच पाठवा" या म्हणण्यात आता काही अर्थ नाही. पावती ग्रामपंचायतीत नोंद असलेल्या नावाची मागावी. अभयारण्याच्या हद्दीत जागा असेल, उदाहरणार्थ कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसरात, तर वन विभागाची परवानगी कोणी काढायची हे आधी ठरवावे. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे व धरणांच्या परिसरात जाण्यास बंदी घालतात. पुणे जिल्ह्यात २०२४ मध्ये तसे आदेश निघाले होते. अशी बंदी आली तर पैसे परत मिळतील, ही अट लेखी घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलेलीही काही नसण्यापेक्षा बरी.

विम्याचे कागद सुटीआधी उघडून पाहावेत. नोकरीतून मिळणारा कतारचा विमा भारतात चालतो का, आणि चालत असल्यास केवळ आणीबाणीपुरता का, हे पॉलिसीतच लिहिलेले असते. बहुधा आधी आपण भरायचे आणि मग मागायचे अशी रीत असते, तेव्हा मूळ बिले व डिस्चार्ज कार्ड हातच्या सामानात आणावे. भारतात आरोग्य विमा काढला असेल तर अपघात पहिल्या दिवसापासून धरला जातो, पण आजारासाठी साधारण तीस दिवस थांबावे लागते. म्हणजे विमानतळाकडे निघताना काढलेली पॉलिसी लेप्टोच्या उपयोगाची नाही. आई-वडिलांनाही बरोबर नेणार असाल तर त्यांच्या जुन्या दुखण्यांची मुदत पाहावी. २०२४ च्या नियमांप्रमाणे ती तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही.

आम्ही आता पावसाळ्यात तंबूत राहतच नाही. जुलैत पक्क्या खोलीत, म्हणजे महामंडळाचे विश्रामगृह किंवा गावातले एखादे घर, तिथून दिवसा पाऊस पाहायचा. तंबू डिसेंबरसाठी राखून ठेवला आहे. गेल्या खेपेला धाकटीने गाडीतून उतरताच जागेच्या मालकाला विचारले, "काका, पाऊस आला की पाणी कुठून जातं?" त्यांनी हसत हसत तिला एक चर दाखवला. आमच्या तंबूपासून चांगला वीस पावले खाली होता.