पचनाचा लघवीतला माग

अन्न शरीरात ज्या वाटेने जाते, त्या वाटेवर मूत्रपिंडे कुठेच लागत नाहीत. न पचलेला भाग शौचावाटे बाहेर पडतो. लघवीत येते ते आतड्यातून रक्तात उतरलेले, बहुधा यकृताने बदललेले आणि शेवटी मूत्रपिंडांनी गाळलेले. त्यामुळे लघवीची तपासणी पचनाबद्दल जे सांगते ते ऐकीवच असते. तरीही काही बाबतींत तिची साक्ष भक्कम ठरते.

मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा रक्तात परत घेतात. उरते ती दीड लिटरच्या आसपास लघवी. तिच्यात ९५ टक्के पाणी असते आणि विरघळलेल्या पदार्थांत मोठा वाटा युरियाचा. डाळ, अंडी, मासे यांतली प्रथिने पचून अमिनो आम्ले होतात. शरीराला नको असलेला त्यांतला नायट्रोजन यकृत युरियाच्या रूपात बाहेर काढते.

लघवीचा पिवळा रंग मात्र अधिक बोलका आहे. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्यावर हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन तयार होते. यकृत ते पाण्यात विरघळेल असे करून पित्तात सोडते. आतड्यातले जिवाणू त्याचे युरोबिलिनोजेन करतात. यातला बराचसा भाग मलाला तपकिरी रंग देऊन निघून जातो. थोडा रक्तात परततो आणि त्यातून बनलेले युरोबिलिन लघवी पिवळी करते. जिवाणूंचे कोणते विकर हे काम करते, याचा पत्ता अमेरिकेतल्या संशोधकांना लागला तो थेट २०२४ साली. इतकी रोजची गोष्ट इतकी वर्षे अनुत्तरित राहावी, याचे नवल वाटते.

या साखळीत कुठे अडले, हे काविळीत लघवीवरून बरेचसे ओळखता येते. पित्तनलिकेत खडा अडकला किंवा गाठीने ती दाबली गेली, की पित्त आतड्यात पोहोचत नाही. मल पांढुरका, मातकट होतो. बिलिरुबिन रक्तातून लघवीत उतरून ती गडद चहासारखी दिसते आणि युरोबिलिनोजेन नाहीसे होते. सिकलसेलसारख्या आजारात तांबड्या पेशीच भराभर मोडतात. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी भागांत हा आजार आढळतो. त्यात युरोबिलिनोजेन वाढते, पण लघवीत बिलिरुबिन दिसत नाही, कारण यकृताची प्रक्रिया न झालेले बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटलेले असते आणि मूत्रपिंडांतून गळत नाही. यकृताला सूज आली असेल तर डोळे पिवळे होण्याआधीच लघवी गडद झालेली असू शकते. एक अडचण मात्र आहे. तपासणीच्या साध्या पट्टीवर युरोबिलिनोजेनची वाढ कळते, त्याचा पूर्ण अभाव खात्रीने कळत नाही.

लहान आतडे अन्न नीट शोषते का, हे पाहण्यासाठी झायलोज ही साखर वापरली जाते. तिच्या शोषणाला स्वादुपिंडाच्या विकरांची गरज नसते. रुग्णाला २५ ग्रॅम झायलोज पाजून पुढल्या पाच तासांची लघवी साठवतात. त्यात चार ग्रॅमहून कमी साखर उतरली, तर आतड्याच्या अस्तरात दोष असल्याचा संशय बळावतो. मूत्रपिंडे दुबळी असतील तरी आकडा कमीच येतो. दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासणे सोपे झाल्यापासून ही चाचणी मागे पडली आहे.

मुतखड्याचे मूळही कधीकधी आतड्यात असते. पालकासारख्या भाज्यांतले ऑक्झलेट एरवी आतड्यातच कॅल्शियमशी बांधले जाऊन मलावाटे जाते. स्निग्ध पदार्थ पचेनासे झाले, की त्यांतली आम्ले कॅल्शियम अडवून धरतात. मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शिरते, लघवीत येते आणि तिथे खडे धरते.

इंडिकन या द्रव्याची साक्ष मात्र इतकी भक्कम नसते. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लावर आतड्यातले जिवाणू काम करतात तेव्हा तयार होणाऱ्या इंडोलपासून यकृत हे द्रव्य बनवते. लघवीत ते वाढले म्हणजे जिवाणूंचे काम वाढले असावे, एवढेच म्हणता येते. कोणताही आजार त्यावरून ठरत नाही. तेवढ्यावर पचनाचा सारा हिशेब मांडून देणाऱ्या महागड्या चाचण्यांवर म्हणूनच विसंबू नये.

पचनापलीकडचे आरोग्य रोजच्या ‘युरीन रुटीन’मध्ये उमटते. रक्तातली साखर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, म्हणजे सुरुवातीचा मधुमेह या तपासणीतून सहज निसटतो. उलट, मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या मुद्दामच साखर लघवीतून बाहेर काढतात. कीटोन निव्वळ उपवासानेही दिसतात. मधुमेह्यात भरपूर साखरेबरोबर ते आढळले तर तातडीने उपचार लागतात. अल्ब्युमिनचा बारीक पाझर मूत्रपिंडांच्या बिघाडाची लवकर चाहूल देतो.

पूर्वी साखर शोधायला बेनेडिक्टचे निळे द्रावण लघवीबरोबर तापवावे लागे. हेलन आणि आल्फ्रेड फ्री या अमेरिकी रसायनतज्ज्ञ दांपत्याच्या संशोधनातून १९५६ साली पट्टी बाजारात आली आणि तपासणी काही सेकंदांवर आली. पट्टीलाही चकवे बसतात. क जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेमुळे साखर किंवा रक्त असूनही पट्टी कोरी राहू शकते. नमुना उजेडात ठेवला तर बिलिरुबिन विघटते. तासन्‌तास तसाच पडला तर त्यात जिवाणू वाढतात आणि निष्कर्ष बदलतात. म्हणून सकाळची पहिली, मधल्या धारेची लघवी घेऊन तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवतात. ते जमत नसेल तर नमुना थंड ठेवतात. बीट खाल्ल्यावर लालसर, ब जीवनसत्त्वाच्या गोळीने गर्द पिवळी आणि क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनने नारिंगी झालेली लघवी आजाराची नसते. नमुना देताना चालू औषधे सांगितली, तर रंगाचा हा घोळ टळतो.